उस्तादाचा नाइलाज

बेकरीत थप्पड मारायचीही एक रीत होती, आणि ती भट्टीवरच्या उस्तादाइतकी कुणालाच साधली नव्हती. हात आधी मैद्याच्या पोत्यात घालायचा, बोटं किंचित वाकवून तळव्यात पोकळी करायची आणि समोरच्याच्या गालावर खालून वर आणायचा. आवाज असा निघायचा की बाहेर गाडीत पाव भरणाऱ्यांच्या माना वळाव्यात. पिठाचा ढग उठायचा, मार खाणारा कोलमडायचा, डोळे चोळायचा, आणि मालकाची पाठ वळली की गालातल्या गालात हसायचा. लागायचं म्हणाल तर डास मारल्याएवढं. नवा माणूस कामाला लागला की आधी खमीर किती घालायचं ते शिकायचा आणि मग मार कसा खायचा ते.

हे सोंग मालकासाठी होतं. मालक सज्जन म्हणून प्रसिद्ध. ‘इतक्या वर्षांत एकाही कामगाराच्या अंगाला मी बोट लावलेलं नाही’, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ते खरंच होतं. घाणा जळला, कच्चा राहिला, साचे उपडे झाले, की तो आतल्या खोलीतून यायचा, नाकावरचा चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसायला लागायचा आणि म्हणायचा, “तुमचं तुम्ही बघा.”

बस्स, एवढंच. ज्याच्या हातून नासाडी झाली, त्याला त्याच भट्टीवरच्या जोडीदाराने मारायचं, काचा पुसून होईपर्यंत. चष्मा पुन्हा नाकावर चढला की मालक म्हणायचा, “चला, कामाला लागा.” बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि सज्जनपणा स्वतःच्या पदरात. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्यांचा शिवराळ माणसांपेक्षा जास्त राग येतो.

आणि कुणी मारलंच नाही तर? त्याचीही कथा होती. कणीक मळणाऱ्या यंत्रावरचा म्हातारा, ज्याला पीठ छातीत बसून कायमचा खोकला लागला होता आणि म्हणून सगळे खोकल्याच म्हणत, तो ती सांगायचा. फार पूर्वी एकाने म्हणे नकार दिला. मालकाने त्याच पावली भट्टी विझवली, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि त्या माणसाला पुढे साऱ्या शहरात कुणी काम दिलं नाही. खोकल्याने हे पाहिलं नव्हतं. त्याला त्याच्या आधीच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, आणि त्याला आणखी कुणी. पण भीतीला साक्षीदार लागत नाही.

त्यामुळे सगळे मारायचे, आणि मारून झालं की शब्द तयार असायचे. त्या बाबतीत आपली भाषा भलतीच उदार आहे. “काय करणार, भाग आहे बाबा.” “नाइलाज झाला.” “पाळी आली.” थोडं शिकलेला असला तर “सक्ती” म्हणायचा. मार खाणाराही समजुतीने मान डोलवायचा, कारण उद्या त्याचीच पाळी असायची.

उस्तादाला या शब्दांची इतरांपेक्षा जास्त गरज असायची. त्याचं कारण घरी होतं.

त्याची बायको मार खात वाढलेली होती. तिचा बाप पट्ट्याने मारायचा, काठीने मारायचा, जेवता जेवता ताट फेकून मारायचा. लग्न ठरलं तेव्हा तिने उस्तादाला एकदाच बाजूला बोलावलं आणि सांगितलं, “मला काही नको. फक्त आपल्या घरात हात उठता कामा नये.” उस्तादाने शब्द दिला आणि पाळला. भांडणं झाली, अबोले झाले, पण हात कधी उठला नाही. बायको शेजारणींना सांगायची, “आमचे हे म्हणजे गाय हो.” ते ऐकू आलं की उस्ताद दाराआड उभा राहून पुन्हा एकदा ऐकायचा. जगात त्याच्यापाशी मिरवण्यासारखी ती एकच गोष्ट होती. बेकरीतल्या रीतीबद्दल त्याने तिला सगळं सांगितलं होतं. ती हसली होती. “पिठाने मारता? मारा, मारा.”

मग बायकोचा धाकटा भाऊ आला. चांगला घोड्याएवढा झाला होता, तरी बापाने त्याच्या पाठीवर काठी मोडली आणि त्याला घराबाहेर काढलं. बायकोने गळ घातली, “अहो, त्याला तुमच्या भट्टीवर लावून घ्या ना.” उस्तादाला मनातून नको होतं, पण नाही म्हणवेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मेहुणा घरात आला आणि उस्तादाचा जोडीदार म्हणून भट्टीवरही उभा राहिला.

मेहुणा वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो मोठ्याने हसायचा, बेसूर गायचा, टॉवेल कुठेही टाकायचा. त्याच्या विनोदांवर त्याची बहीण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. उस्तादाच्या विनोदांवर ती कधी तशी हसली नव्हती. बहीणभावाचं आपसात चाललेलं असायचं आणि उस्ताद स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा भिंतीला टेकून बसायचा. कुणाला सांगणार? मेहुण्याचा हेवा वाटतो म्हणून सांगायची सोय नसते.

एका दुपारी डबे खाताना मेहुण्याने सगळ्यांसमोर नक्कल केली. हात पिठात घातला, स्वतःच्या गालावर मारला आणि म्हणाला, “आमच्या दाजींचा मार म्हणजे बाळाला पावडर लावणं. माणूस देव आहे हो, पण हातात दम नाही. आमच्या बापाचा हात बघायला पाहिजे होता! तो हात म्हणजे हात.”

सगळे खो खो हसले. उस्तादही हसला. पण डबा अर्धा तसाच ठेवून त्याने झाकण लावलं.

त्याच दिवशी मेहुणा गाण्याच्या नादात धुराड्याची झडप उघडायला विसरला. भट्टीचं तोंड उघडलं तेव्हा आतून काळा धूर आला आणि लांब दांड्याच्या फावड्यावर पाव आले ते कोळशासारखे. मालक बाहेर आला. चष्मा काढण्यासाठी त्याचा हात नाकापर्यंत गेला, तेवढ्यात त्याने मेहुण्याचा उतरलेला चेहरा पाहिला.

“राहू दे, बुवा,” तो उस्तादाला म्हणाला. “नवा आहे. शिकेल.” आणि परत जायला वळला.

मळायचं यंत्र घरघरत होतं. मेहुणा पलीकडे भट्टीच्या तोंडाशी होता. त्याला काही ऐकू गेलं नाही. मालकाच्या शेजारीच असलेल्या खोकल्याला गेलं. आणि उस्तादाला तर शब्द न् शब्द गेला.

तरी उस्ताद पुढे झाला. शिकवल्याप्रमाणे मेहुण्याने मान सैल सोडली, डोळे मिटले आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून गाल पुढे केला. मैद्याचं पोतं हाताशीच होतं. उस्तादाचा हात त्यात गेला नाही. तळव्यात पोकळी झाली नाही. खांद्यापासून सगळा जोर लावून त्याने कोरडा, उघडा हात त्या कानशिलावर हाणला.

आवाज फार मोठा झालाच नाही. मेहुणा खाली बसला, मग आडवा झाला. ढग उठला नाही. त्याच्या कानातून रक्ताची बारीक रेघ निघून मानेवर आली. मालकाने मागे वळून पाहिलं, चष्मा नीट केला आणि आत गेला.

“दाजी,” मेहुणा खालून म्हणाला, “पीठ संपलं होतं का?”

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, या कानाने आता ऐकू येणं कठीण. घरी बायकोने भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो काही बोलणार इतक्यात मेहुणाच म्हणाला, “ताई, त्यांना काही बोलू नकोस. दाजींचा नाइलाज होता. मालक समोर उभा होता ना. खरं मारावं लागलं त्यांना.”

बायकोने मालकाच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग उठून उस्तादाजवळ आली, त्याचा तो हात हातात घेतला आणि म्हणाली, “किती जिवावर आलं असेल तुमच्या.” उस्तादाने मान हलवली. आयता मिळालेला शब्द होता, त्याने तो घेतला. त्याला लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या तळाशी आणखी काही होतं. त्या फटक्याने त्याला बरं वाटलं होतं. कित्येक महिन्यांचं साचलेलं एका हातासरशी मोकळं झालं होतं.

वाघाच्या तोंडाला रक्त लागतं म्हणतात. माणसाच्या हाताला लागतं ते कुणी सांगत नाही. त्यानंतर उस्तादाचा हात पिठात जाईनासा झाला. “मालकाची नजर बदललीय,” तो सांगायचा. “खोटं चालत नाही आता. खरं मारावं लागतं.” लोकांनी विश्वास ठेवला, कारण मेहुण्याचा कान समोर होता. मग एकेकजण स्वतःची पाळीही त्याच्याच गळ्यात घालू लागला. “उस्ताद, माझ्याच्याने नाही होत, तूच दे दोन.” उस्ताद सुस्कारा टाकायचा, “तुम्ही सगळे मलाच पुढे करता,” म्हणायचा आणि बाह्या सरसावायचा. साचे धुणाऱ्याचा ओठ फाटला. पाव कापणाऱ्याची बरगडी मुक्या माराने दुखत राहिली. काचा पुसून झाल्या, चष्मा चढला, तरी उस्तादाचा हात थांबायचा नाही. मालक खाकरायचा, तेव्हा कुठे थांबायचा.

खोकल्या सगळं पाहत होता आणि गप्प होता. त्या पहिल्या दिवशी आपण काय ऐकलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि पारध्याशी वैर कोण घेणार!

मग एके सकाळी खोकल्याच्या हातून कणकेत मीठ दोनदा पडलं. सगळी कणीक फेकायची वेळ आली. मालक आला, चष्मा काढला, “तुमचं तुम्ही बघा” म्हणाला. खोकल्याच्या जोडीदाराने उस्तादाकडे पाहिलं आणि उस्ताद आपली भट्टी सोडून यंत्रापाशी आला.

“उस्ताद, माझं वय बघ,” खोकल्या हळूच म्हणाला.

“माझ्या हातात आहे का काही?” उस्ताद म्हणाला, आणि पहिल्याच फटक्यात म्हाताऱ्याचा पुढचा दात निखळून कणकेत पडला. दुसऱ्याला खोकल्या यंत्राच्या कडेवर आपटला. तिसऱ्याला त्याने दोन्ही हात जोडले. चौथाही बसला. पाचव्यासाठी हात वर गेला तेव्हा मेहुणा ओरडला, “दाजी, धूर!”

उस्तादाच्या स्वतःच्या भट्टीतून धूर येत होता. मारण्याच्या भरात तो आपला घाणा विसरला होता. मेहुण्याने धावत जाऊन फावडं घातलं, पण पाव केव्हाच गेले होते. काळेठिक्कर.

मालकाच्या हातात चष्मा होताच. त्याने काच उलटी करून दुसऱ्या बाजूने पुसायला घेतली आणि मेहुण्याकडे पाहून म्हणाला, “तुमचं तुम्ही बघा.”

यंत्र बंद होतं, त्यामुळे श्वाससुद्धा ऐकू येत होते. सगळ्यांच्या नजरा मेहुण्यावर. त्यातल्या निम्म्या नजरा म्हणत होत्या, मार, चांगला सणसणीत मार, आमचाही एक मार. उस्ताद त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. “घे उरकून,” तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

“मी नाही मारत,” मेहुणा म्हणाला.

मालकाचा हात थांबला. “का?”

“मला नाही मारायचं.” त्याने हे छाती काढून म्हटलं नाही. चहा नको म्हणावं तसं म्हटलं. खोकल्याने तोंडावर धरलेला हात खाली घेतला. आता भट्टी विझणार, आता सगळे रस्त्यावर येणार, म्हणून माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिली.

मालकाने काच उजेडात धरून पाहिली. चष्मा नाकावर चढवला. “बरं,” तो म्हणाला. “मग भट्टी झाडून घ्या आणि पुढचा घाणा लावा.” आणि आतल्या खोलीकडे चालू लागला.

एवढंच. आभाळ कोसळलं नाही. निखारा विझला नाही. एक माणूस नाही म्हणाला आणि दुसरा बरं म्हणाला. माणसं आधी मालकाच्या पाठीकडे बघत राहिली, मग मेहुण्याकडे, आणि मग, हळूहळू, उस्तादाकडे. फाटक्या ओठाचा, दुखऱ्या बरगडीचा, सगळेच. खोकल्याच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं आणि तोही बघत होता.

ती नजर उस्तादाला सोसवली नाही. मेहुणा फक्त नाही म्हणाला होता, पण उस्तादाच्या अंगावरचं एकुलतं एक पांघरूण त्याने सगळ्यांदेखत ओढून घेतलं होतं. उस्तादाने त्याची गचांडी धरली.

“मार!” तो ओरडला. “मार मला!”

“दाजी, जाऊ द्या.”

“मारावं लागेल तुला! सगळ्यांना मारावं लागतं. तू कोण टिकोजीराव लागून गेलास? मार!”

“नाही मारायचं मला, दाजी.”

उस्तादाने त्याचा हात पकडून स्वतःच्या गालावर आपटला. तो हात मऊच राहिला, मूठ झालीच नाही. उस्तादाने त्याच्या पोटात गुडघा घातला. मेहुणा वाकला, पण हात उचलला नाही. मग उस्तादाने भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि त्याच्या लांब दांड्याने झोडपायला सुरुवात केली. पाठीवर, मांडीवर, खांद्यावर, प्रत्येक फटक्याबरोबर “मार, मार, मार” म्हणत. मेहुण्याने डोकं वाचवायला हात वर धरला, तेव्हा दांडा त्या हातावर बसला आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. पुढचे काही फटके मोडलेल्या हातावरच पडले. मेहुणा किंचाळत होता, पण किंचाळतानाही “नाही” म्हणत होता.

“अरे आवरा त्याला!” मालक आतून धावत आला. त्याचा चष्मा पडला, पायाखाली आला आणि फुटला. “सोड त्याला! मी कुठे सांगितलं? मी कुणाला काही सांगितलं का?”

आणि या खेपेला त्याने खरोखरच काही सांगितलं नव्हतं. चौघांनी उस्तादाला मागून धरलं. खोकल्या सगळ्यांत पुढे होता.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घालेपर्यंत दुपार कलली. मेहुणा पलंगावर पडला होता, खोकल्या तोंडात कापूस धरून बाकावर बसला होता. उस्ताद दाराशी उभा होता. तिथून जा असं त्याला कुणी म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही.

बायको आली. तिच्या खांद्यावर भरलेली पिशवी होती. त्यात भावाचे कपडे, चादर, पाण्याची बाटली. तिने भावाचा सुजलेला चेहरा पाहिला, प्लास्टर पाहिलं आणि दात ओठ खात म्हणाली, “पुन्हा त्या मेल्या मालकाने?”

मेहुण्याने उस्तादाकडे पाहिलं. “ताई,” तो जड जिभेने म्हणाला, “दाजींचा काही...”

“मालकाने नाही,” खोकल्या म्हणाला. कापसामुळे शब्द फुगून येत होते, पण स्पष्ट येत होते. “आजही नाही आणि कान फुटला तेव्हाही नाही. त्या दिवशी मालक म्हणाला होता, राहू दे, नवा आहे. मी ऐकलं. यानेही ऐकलं. पोरी, मी आधीच सांगायला हवं होतं.”

बायको नवऱ्याकडे वळली. उस्तादाने तोंड उघडलं. इतके दिवस हाताशी असलेले सगळे शब्द त्याने आठवून पाहिले. भाग होता, पाळी होती, लोकांनी पुढे केलं, मेहुण्याने चिडवलं. एकही तिच्यासमोर ठेवण्याच्या लायकीचा नव्हता. आपण आता तिला कायमचे गमावणार, हे त्याला लख्ख कळलं. काहीतरी करायला हवं, तिच्या उपयोगी पडायला हवं, म्हणून त्याने तिच्या खांद्यावरची जड पिशवी घेण्यासाठी हात पुढे केला.

तिचं कोपर एकदम वर आलं. डोकं खांद्यात गेलं, डोळे घट्ट मिटले, आणि ती भिंतीला पाठ लावून कोपराआड लपली. पिशवी खाली पडली. बाटली गडगडत पलंगाखाली गेली.

“ताई,” मेहुणा पलंगावरून म्हणाला, “अगं, दाजी आहेत ते.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. कोपर तिने खाली घेतलं नाही.